आधी ती बाटली काढ, मामा

परवा रात्री मामीचा फोन आला. "तुझ्या मामाला आता तूच सांग," एवढंच म्हणाली आणि पाठोपाठ एक फोटो पाठवला. मामाच्या नव्या गाडीचं स्टीअरिंग, आणि त्याच्या उजव्या दांडीत खोचलेली अर्धी भरलेली पाण्याची बाटली. ही गाडी लेन धरून आपली आपण वळते, पुढच्या गाडीशी अंतर राखते, आणि स्टीअरिंगवर हात जाणवला नाही की थोड्या वेळाने ओरडायला लागते. बाटलीच्या वजनाने स्टीअरिंगला एका बाजूला बारीकसा पीळ बसतो. गाडीला वाटतं हात आहे, आणि ती गप्प बसते. मामा गेले चार दिवस हायवेवर मोबाईल बघत जातोय.

ही युक्ती मामाच्या डोक्यातली नव्हे. आठवडाभर सगळीकडे फिरणाऱ्या एका मेसेजमधली आहे. मलाही तो तीन ग्रुपांवर आला होता, मी न वाचता पुसून टाकला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचा गोषवारा: अमेरिकन सरकारनेच सिद्ध केलंय की १०० पैकी ९४ अपघात माणसाच्या चुकीने होतात, म्हणजे गाडी स्वतः चालली की ९४ टक्के अपघात संपले. विमानं कधीपासूनच ऑटोपायलटवर उडतात, पायलट नुसता बसलेला असतो. यंत्र थकत नाही, झोपत नाही, दारू पीत नाही. बिनचालकाच्या टॅक्स्या माणसापेक्षा सुरक्षित ठरल्यात. गाडीला काही अडलं तर ती वेळेत सांगते, तेव्हा स्टीअरिंग धरायचं, तोवर आराम करायचा. आणि 'हात स्टीअरिंगवर ठेवा' ही सूचना कंपन्यांनी कोर्टकचेरीच्या भीतीने घातलेली आहे. तिच्यावर उपाय म्हणजे बाटली. शेवटी अर्थातच, 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'.

मी अकरा वर्षं एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये बोर्डवर बसतोय. ऑटोवर चाललेल्या प्लांटवर नजर ठेवणं, हीच माझी नोकरी. म्हणून शेवटचे दोन मुद्दे वाचून माझं डोकं फिरलं. जीव जायचा तो त्या दोनांनीच जाणार आहे, तेव्हा तेच आधी घेतो.

'गाडी वेळेत सांगते, तोवर आराम करा'

पहाटेचे तीन वाजलेत. सगळे लूप, म्हणजे पातळी-दाब आपोआप राखणाऱ्या यंत्रणा, ऑटोवर; स्क्रीनवर ट्रेंडच्या रेघा सरळ. खाली प्लांटमध्ये एका टाकीतून बाहेर जाणाऱ्या लाइनवरच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा साचायला लागलाय. कंट्रोलर काय करतो? व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडतो. टाकीची पातळी जिथल्या तिथे. आणखी कचरा साचतो, तो आणखी थोडा उघडतो. ६० टक्के, ७०, ८५. पातळीची रेघ अजून सरळ आहे आणि मी पातळीकडेच बघत बसलोय. व्हॉल्व्ह पूर्ण १०० टक्के उघडला की कंट्रोलरच्या हातात काही उरत नाही. मग पातळी भराभर चढते आणि अलार्म वाजतो. बिघाड तासभर चालू होता, ऑटोने तो झाकून ठेवला, आणि परिस्थिती हाताबाहेर गेल्यावर प्लांट माझ्या स्वाधीन केला. हे माझ्या पाळीत घडलेलं आहे. त्या रात्री पहिले काही क्षण मी कुठल्या पडद्याकडे बघावं हेच मला कळत नव्हतं. आणि मी जागा होतो, खुर्चीत होतो, पगार त्याचाच घेत होतो.

लिझान बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली 'ऑटोमॅटिका' या नियतकालिकात पाच पानांचा एक शोधनिबंध लिहिला. विषय आमच्यासारख्या कंट्रोल रूमचा आणि विमानाच्या कॉकपिटचा, गाड्यांचा त्यात संबंधही नव्हता. पण आज स्वयंचलित गाड्यांवर काम करणारे ह्यूमन फॅक्टर्सचे, म्हणजे माणूस आणि यंत्र यांचं कसं जमतं याचे, संशोधक अजूनही त्या पाच पानांकडे परत जातात, आणि माझ्या या सगळ्या लिखाणाचा कणाही तोच आहे. त्या म्हणतात, यंत्रणा आखणारा माणसाला बेभरवशाचा समजतो आणि त्याला कामातून बाजूला करतो. पण आखणाऱ्याला जे जमलं नाही, ते सगळं त्याच माणसासाठी मागे ठेवतो. म्हणजे सोपं काम यंत्राकडे गेलं, अवघड काम माणसाकडे राहिलं. वर त्याला दोन नवी कामं लावली. एक, तासनतास काहीच घडत नसताना लक्ष ठेवायचं. दोन, अचानक सूत्रं हातात घ्यायची, तीही सवय मोडल्यावर. त्यांचा निष्कर्ष असा की ऑटोमेशन जितकं चांगलं, तितका मागे उरलेला माणूस जास्त तयारीचा लागतो. मेसेज नेमकं उलटं सांगतोय.

पहिल्या कामाचं काय होतं, हे तर १९४८ पासून माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या नजरेतून ठिपके सुटायचे. असं का होतं ते तपासायला नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवलं. काटा एकेक पाऊल सरकायचा, आणि क्वचित एकदम दोन पावलं उडी मारायचा. उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच उड्या निसटण्याचं प्रमाण वाढलं. ही माणसं आळशी नव्हती आणि त्यांना काम महत्त्वाचं वाटत होतं. डोळ्यांत तेल घालून बसा म्हटल्याने मेंदू बसत नाही. काही घडत नसेल तर तो दुसरीकडे जातो, तुमचा, माझा, मामाचाही.

आता दुसरं काम. ब्रिटनमध्ये एरिक्सन आणि स्टँटन यांनी २६ चालकांना सिम्युलेटरमध्ये बसवून पाहिलं. कसलीही घाई नाही, धोका नाही, नुसतं 'आता गाडी तुम्ही चालवा' असं सांगितलं. सूत्रं हातात घ्यायला लोकांना १.९ ते २५.७ सेकंद लागले. हे २०१७ साली प्रसिद्ध झालंय. ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. २५.७ सेकंदांत ती सातशे मीटरच्या पुढे गेलेली असते. आणि हात स्टीअरिंगवर आला म्हणजे गाडी ताब्यात आली असंही नाही. लीड्स विद्यापीठाच्या नताशा मेरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सूत्रं घेतल्यावर स्टीअरिंग पुरतं स्थिर व्हायला ३५ ते ४० सेकंद लागतात. मागून कोण येतंय, शेजारच्या लेनमध्ये कोण आहे, पुढची गाडी ब्रेक लावतेय का, हे चित्र डोक्यात नव्याने उभं करावं लागतं. आम्ही पाळी बदलताना चार्ज घ्यायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. लॉगबुक वाचतो, कुठलं इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बायपास आहे ते विचारतो, मग सही करतो. मोबाईलमधून मान वर काढणारा माणूस तोच चार्ज दोन सेकंदांत घेणार?

आणि ही सगळी मोजमापं गाडीने सांगितलं असं धरून आहेत. मामाची गाडी सांगेलच असं तिच्या कंपनीनेही म्हटलेलं नाही. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ऑटोमेशनच्या शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्यात. मामाची गाडी दोनवर आहे. दोनवर हाताचं काम गाडी करते, पण डोळे माणसाचे, कायम. 'वेळेत सांगते' ही गोष्ट तीनपासून सुरू होते, आणि तिथे तिच्यावर कडक नियम आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १५७ नुसार चालकाने प्रतिसाद द्यावा म्हणून गाडीने किमान दहा सेकंद दिले पाहिजेत, आणि त्याने सूत्रं घेतलीच नाहीत तर स्वतःहून सुरक्षितपणे थांबलं पाहिजे. २०२० मध्ये हा नियम मंजूर झाला तेव्हा वेगाची मर्यादा ताशी ६० किलोमीटर होती. मेसेजवाल्याने तीनचा नियम दोनच्या गाडीला चिकटवलाय.

दोनची गाडी वेळेत का सांगू शकत नाही, तर आपण चुकतोय हे तिलाच कळलेलं नसतं. जानेवारी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत एक टेस्ला गाडी ऑटोपायलट या दोनच्याच पातळीच्या यंत्रणेवर पुढच्या गाडीमागून चालली होती. पुढची गाडी लेन बदलून बाजूला झाली. त्याच लेनमध्ये अग्निशमन दलाचा बंब उभा होता. टेस्लाच्या हिशेबी पुढची गाडी गेली म्हणजे रस्ता मोकळा झाला, म्हणून तिने वेग वाढवला. टक्कर होणार ही सूचना तिने दिली ती आदळण्याआधी अर्धा सेकंद. शेवटची ३ मिनिटं ४१ सेकंद स्टीअरिंगवर हात जाणवलेला नव्हता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. अर्ध्या सेकंदात मामा बाटली बाजूला करणार, मोबाईल ठेवणार, की ब्रेकवर पाय नेणार?

'हाताची सूचना वकिलांसाठी आहे, बाटली लावा'

यात एक अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कंपन्या ती सूचना स्वतःला वाचवायलाही वापरतात. जाहिरातीत चालक हात सोडून हसत बसलेला, आणि अपघात झाला की 'आम्ही मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं'. शिवाय हात स्टीअरिंगवर आहे म्हणजे डोळे रस्त्यावर आहेत असं होत नाही. स्टीअरिंगचा पीळ मोजणं ही लक्ष तपासायची कच्ची पद्धतच आहे, चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा त्याहून बरा.

पण पहारा कच्चा आहे म्हणून पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची? ती पीं-पीं म्हणजे 'माणूस गैरहजर आहे' हे ओळखायचा गाडीकडचा एकमेव मार्ग आहे. आमच्याकडे कुणी त्रासदायक अलार्मवर जंपर टाकला, म्हणजे तारेचा तुकडा जोडून तो गप्प केला, तर त्याला त्याच पाळीत घरी पाठवतात. बाटली म्हणजे जंपर आहे. अमेरिकेत २०१८ साली स्टीअरिंगला चिकटवायचं असंच एक वजन विकायला आलं होतं, तिथल्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने विक्री थांबवायचा आदेश काढला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये टेस्लाला सुमारे २० लाख गाड्यांचं रिकॉल करावं लागलं, कारण हेच, चालकाचं लक्ष आहे की नाही याची तपासणी अपुरी. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने अशा १४ यंत्रणांची तपासणी केली, त्यातल्या ११ 'वाईट' या शेऱ्यात गेल्या. म्हणजे हा पहारा आधीच तोकडा आहे, आणि मेसेज तोही काढायला सांगतोय.

मामाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अरे, चार दिवसांत एकदाही चुकली नाही."

मामा, मला याचीच भीती वाटते. रोज चुकली असती तर तू सावध राहिला असतास. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात एक टेस्ला समोरून वळणाऱ्या ट्रेलरखाली गेली, चालक जागीच गेला. चौकशीत निघालं की त्या प्रवासात ऑटोपायलट ३७ मिनिटं चालू होता आणि त्यातले फक्त २५ सेकंद स्टीअरिंगवर हात होते. त्या माणसाचाही अनुभव तेव्हापर्यंत 'चुकत नाही' असाच असणार. ना गाडीने ब्रेक लावला, ना त्याने.

हे सामान्य चालकांचं झालं असं वाटत असेल तर मार्च २०१८ मधली ॲरिझोनातल्या टेम्पीची घटना घे. उबरची चाचणीची गाडी, आणि त्यात बसलेली बाई यंत्रणेवर लक्ष ठेवायचा पगार घेणारी, प्रशिक्षण घेतलेली. रस्ता ओलांडणारी एक महिला सायकल हातात धरून चालली होती. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली. पण ते वाहन आहे, की आणखी काही, की सायकल, यात यंत्रणा हेलकावे खात राहिली, कारण क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्त्यावर असू शकतो हे तिच्या आखणीतच नव्हतं. देखरेखीवरची बाई मोबाईल बघत होती, मान वर केली ती जेमतेम एक सेकंद आधी. ती महिला गेली. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात चौकशी मंडळाने देखरेखीवरच्या बाईचं दुर्लक्ष हे कारण ठरवलं, पण तिथेच थांबले नाहीत. ऑटोमेशनमुळे माणूस गाफील होतो हे माहीत असताना त्यावर कंपनीने पुरेशी उपाययोजना केली नव्हती, हेही त्यांनी लिहिलं. आधी अशा गाडीत दोन माणसं बसायची. कंपनीने ती संख्या एकावर आणली होती.

'९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने'

हा आकडा आला कुठून, तर अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाच्या फेब्रुवारी २०१५ च्या दोन पानी टिपणातून. २००५ ते २००७ मध्ये पाहणी केलेल्या ५,४७० अपघातांत 'निर्णायक कारण' ९४ टक्के वेळा चालकाकडे नोंदवलं गेलं. पण त्याच टिपणात स्पष्ट लिहिलंय की हे निर्णायक कारण म्हणजे साखळीतली बहुतेकदा शेवटची कडी. त्याला अपघाताचं कारण समजू नये, आणि त्यावरून चालकावर दोष ठेवू नये. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी ती दोन पानं वाचली नाहीत. २०२२ मध्ये एनटीएसबीच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी जाहीरपणे सांगितलं की हा आकडा दिशाभूल करतो, तो वापरणं बंद करा.

शेवटच्या कडीवर खापर फोडलं की बाकीची साखळी सुटते. दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण आहे. बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यावर पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) मिटायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर आपटायचं. कागदावर 'पायलटची चूक'. अल्फॉन्स चॅपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही बटणं शेजारी शेजारी आणि दिसायला सारखी. सी-४७ विमानात ती वेगळी होती, आणि त्या पायलटांकडून ही चूक होत नव्हती. त्याने चाकांच्या बटणावर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या बटणावर पाचरीच्या आकाराचा तुकडा. चूक थांबली. पायलट तेच होते. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखं असतं ते म्हणून.

आणि समजा, खरंच सगळ्या गाड्या स्वतः चालायला लागल्या, तरी ९४ टक्के अपघात जात नाहीत. आयआयएचएसने २०२० मध्ये पाच हजारांहून जास्त अपघात तपासले. नीट न दिसणं, लक्ष नसणं, डुलकी, नशा, असल्या कारणांचे अपघात एक तृतीयांशाच्या आसपास भरले. बाकीच्यांत वेग, घाई, दुसऱ्याच्या हालचालीचा चुकलेला अंदाज. गाडीलाही माणसासारखीच घाई करायला शिकवलं तर ते अपघात तसेच राहणार.

राहिलेले मुद्दे

विमानाचं. ऑटोपायलट चालू असतो हे खरं, पण कॉकपिटमध्ये दोन जण असतात, त्यांची सिम्युलेटरवर ठरावीक काळाने परीक्षा होते, आणि अकरा किलोमीटर उंचीवर काही बिनसलं तर हातात मिनिटं असतात. तरीही १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये पडलं. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ झालं, ऑटोपायलट सुटला, आणि चार-साडेचार मिनिटांत विमान पाण्यात. २२८ माणसं गेली. मामाकडे चार मिनिटं नाहीत.

यंत्र थकत नाही, पीत नाही. कबूल. याचा खरा फायदा दिसतो तो आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेत. पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात तिने निम्म्यावर आणल्याचं आयआयएचएसच्याच अभ्यासात आहे. पण तिथे माणूस चालवतो आणि यंत्र पाठीशी उभं राहतं. मामाने ते उलटं केलंय. आणि लेन धरून चालणाऱ्या अर्धवट ऑटोमेशनने अपघात कमी होतात, याचा फारसा पुरावा त्याच संस्थेला २०२४ मध्ये सापडला नाही.

बिनचालकाच्या टॅक्स्यांचंही बरंचसं मान्य. अशा टॅक्स्या चालवणाऱ्या वेमो कंपनीने ५ कोटी ६७ लाख मैलांचा जो अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात पादचाऱ्यांना इजा होण्याचे अपघात माणसांच्या तुलनेत ९२ टक्के कमी दिसतात. अभ्यास कंपनीच्याच लोकांचा आहे, पण तज्ज्ञांनी तपासून छापलेला आहे, मी तो झिडकारणार नाही. मात्र त्या टॅक्सीत प्रवाशाने अचानक स्टीअरिंग धरावं अशी अपेक्षाच नसते. ठरलेल्या भागात, तपशीलवार नकाशांवर, गाडीने सगळं स्वतः निस्तरायचं असतं. त्या गाडीचा आकडा दाखवून मामाच्या गाडीत आराम करायला सांगणं ही फसवणूक आहे. आणि तिथेही सगळं आलबेल नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक महिला क्रूझ या कंपनीच्या बिनचालक टॅक्सीसमोर पडली. टॅक्सीने ब्रेक लावला तरी तिला धडकली, थांबली, आणि मग 'बाजूला थांबायचं' म्हणून तिला सुमारे सहा मीटर फरफटत नेलं. खाली माणूस आहे हे यंत्राला कळलं नाही. क्रूझचा परवाना त्याच महिन्यात स्थगित झाला.

रविवारी मी मामाकडे जातोय. गाडीचं मॅन्युअल घेऊन दोघं बसणार आहोत. यंत्रणा कुठे चालणार नाही त्याची पानं आधी वाचायची: उभी वाहनं, पुसलेले पट्टे, समोरून येणारं ऊन, जोराचा पाऊस, रस्त्याचं काम. मग एक फेरी, मामाचे दोन्ही हात स्टीअरिंगवर, मोबाईल मागच्या सीटवर. लेन धरायची यंत्रणा कुठे डगमगते ते त्याने स्वतःच्या तळहाताला जाणवून घ्यायचं. आपोआप ब्रेकची सोय मात्र चालू ठेवायची, ती बंद करायला मी सांगत नाहीये.